सासू-सासऱ्यांच्या मातीसाठी पैसे मागायचे?

नमस्कार काकू,

मी सॅन अँटोनिओत राहते. माहेर सातारा तालुक्यातलं, अपशिंगे मिलिटरीच्या जवळचं. नवरा इथलाच, टेक्सासचा, कॅथलिक घरातला. या महिन्यात माझे सासरे हार्टनं गेले आणि नऊ दिवसांनी सासूबाई स्ट्रोकनं. सासरे ड्राफ्टमध्ये, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीत, भरती झाले होते, १९६७-६८ मध्ये व्हिएतनामला ट्रक चालवायचे. पुढे त्यांना शुगर निघाली, ती तिथल्या फवारणीमुळे असं धरून व्हीएकडून, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडून, दर महिन्याला पैसे यायचे. सासूबाईही आर्मीत नर्स होत्या.

घरात शिल्लक काही नाही, होतं ते आजारपणात गेलं. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या फ्युनरल होमनं दोघांचं मिळून २८,७०० डॉलरचं कोटेशन दिलंय. नणंदेनं आम्हाला न विचारता गोफंडमीवर, म्हणजे लोकांकडून मदत गोळा करायच्या वेबसाइटवर, ३०,००० चं पान उघडलं, वर सासऱ्यांचा युनिफॉर्ममधला फोटो. आत्तापर्यंत ३,२०० जमलेत. नवरा तिच्याशी बोलत नाही. म्हणतो, बाबांनी जन्मात कुणाचा फुकटचा डॉलर घेतला नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, फौजीच्या मातीला झोळी फिरवतात का कुठं? सरकार काय करतंय?" त्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ते पान टाकलं, मला मान वर करवेना झालीय. आम्ही आणि नणंद मिळून तीन हजार उभे करू शकू. शुक्रवारी सह्या करायला बोलावलंय. पैसे मागावेत का? मागायचे तर किती? की पान बंदच करायला लावू?

एक सून

*

मला काकू म्हटलंस, तेव्हा मी सरळ 'तू' म्हणते. तुझं पत्र आलं त्याच रात्री मी तुला दोन ओळी कळवल्या होत्या: शुक्रवारी सही करू नकोस, कोटेशनचा फोटो पाठव. इथे फ्युनरल होमच्या कागदावर जो सही करतो तो त्या पैशांना स्वतः बांधील होतो. मेलेल्या माणसाच्या मागे काही उरलेलं नसेल तर ते पैसे तुझ्या नवऱ्यालाच भरावे लागतात. तू फोटो पाठवलास, आपण फोनवर बोललो. आता सगळं सविस्तर लिहिते, कारण असंच पत्र मला याआधीही आलंय आणि पुढेही येईल.

हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या आजारी माणसांची काळजी घेतात तिथे, सोशल वर्कर म्हणून माझी वीस-बावीस वर्षं गेली. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत घरची मंडळी ज्या कागदांवर सह्या करतात, ते मी पुष्कळ पाहिलेत. तुझं कोटेशन मी पेन घेऊन वाचलं. खाजगी दफनभूमीतल्या दोन जागा, ४,२०० ची एक, म्हणजे ८,४००. खड्डा खणणं-बुजवणं दोघांचं ३,०००. कॅस्केट, म्हणजे शवपेटी, ज्यात उतरवतात त्या काँक्रीटच्या पेट्या, म्हणजे व्हॉल्ट, दोन मिळून ३,२००. दोघांच्या नावाचा एक जोडदगड २,९००. या चार ओळींची बेरीज होते १७,५००. त्या चारही ओळींवर मी काट मारली.

तुझे सासू-सासरे दोघंही व्हेटरन, म्हणजे माजी सैनिक, होते आणि दोघंही सन्मानानं सुटले होते. व्हीएच्या राष्ट्रीय दफनभूमीत अशा माणसाला जागा मिळते, खड्डा खणून-बुजवून मिळतो, व्हॉल्टच्या जागी काँक्रीटचा लायनर मिळतो, नावाचा दगड मिळतो आणि पुढे कायमची देखभाल होते. पैसे शून्य. अशा दफनभूम्या देशात दीडशेच्या वर आहेत. तुमची तर तुमच्याच शहरात आहे, फोर्ट सॅम ह्यूस्टन नॅशनल सिमेटरी. फ्युनरल होमच्या त्या गुळगुळीत कागदावर वर झेंडा छापलाय आणि 'व्हेटरन पॅकेज' असं लिहिलंय. पण जे व्हेटरनला फुकट मिळतं त्याचा त्यात अवाक्षरानं उल्लेख नाही. तो करणं हा त्यांचा धंदा नाही, विचारणं आपलं काम आहे.

उरलेल्या ओळी म्हणजे कॅस्केट, एम्बामिंग (देह टिकावा म्हणून औषधं भरणं) आणि त्यांची स्वतःची फी. हा खर्च व्हीए करत नाही, हेही स्पष्ट सांगते. नाहीतर लोक 'सगळं फुकट' या समजात जातात आणि तोंडघशी पडतात.

दोन कॅस्केट मिळून ४,८०० लावलेत. १९८४ पासून इथे फेडरल ट्रेड कमिशनचा फ्युनरल रूल आहे. त्यानुसार फ्युनरल होमनं प्रत्येक गोष्टीची वेगवेगळी किंमत छापून हातात द्यावी लागते, फोनवर विचारलं तरी सांगावी लागते. कॅस्केट तू बाहेरून घेतलीस तरी त्यांनी ती वापरायलाच हवी, आणि त्याबद्दल जादा पैसे लावता येत नाहीत. तू चौकशी केलीस तेव्हा साध्या धातूची कॅस्केट ११०० ला मिळत होती. दोन घेतल्या तर २,२००. आणि एम्बामिंगचे १,८०० कशाला? तुम्हाला पेटी उघडी ठेवून लोकांना दर्शन द्यायचं नाहीये. मागे एका कुटुंबाला एका फ्युनरल होममधल्या माणसानं माझ्यासमोर सांगितलं होतं, "कायद्यानं करावंच लागतं." मी म्हटलं, तो कायदा जरा दाखवता का? त्यांनी विषय बदलला. थंड पेटीत ठेवण्याचे दिवसाला पैसे पडतात, ते मात्र विचारून घे, कारण दफनभूमीची तारीख मिळायला वेळ लागू शकतो.

राहिली त्यांची फी, गाडी, कागदपत्रं आणि थंड पेटी मिळून ४,६००. ती द्यायची, ती माणसं काम करतात. म्हणजे ४,६०० अधिक २,२००, झाले ६,८००. चर्च, डेथ सर्टिफिकेटच्या प्रती, पेपरातली बातमी आणि आलेल्यांना दोन घास, यांना ७०० धर. साडेसात हजार. तुमचे घरचे तीन हजार वजा केले की उरतात साडेचार हजार.

२८,७०० मधून आपण इथवर आलो आणि अजून कुणापुढेही हात पसरलेला नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ, सरकार काय करतंय. त्यांच्या डोळ्यांसमोर गावातले फौजी आहेत. आपल्याकडे जुन्या भरतीतला जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून घरी येतो तो पेन्शन घेऊनच, आणि तो गेला की बायकोला फॅमिली पेन्शन लागते. इथे व्हेटरन म्हणजे पेन्शनर नव्हे. नोकरीची पेन्शन साधारण वीस वर्षं केलेल्यांना. सासरे ड्राफ्टमधले, दोन वर्षांत घरी परतले. त्यांना जे पैसे यायचे ते शुगरबद्दलची नुकसानभरपाई होती, पेन्शन नव्हे. आईंना एवढं समजावून सांग, म्हणजे त्यांचा अर्धा राग जाईल. जागा आणि दगड सरकार देतंय हे सांगितलंस की उरलेलाही जाईल.

सरकारकडून थोडी रोख रक्कमही येते, पण मागाहून, आणि मागितली तर. तिला बरियल अलाउन्स म्हणतात. अर्ज २१पी-५३०ईझेड. हयात जोडीदाराला ती बहुधा न मागता मिळते, पण तुमच्याकडे जोडीदारही नऊ दिवसांत गेल्या, तेव्हा मुलांपैकी एकानं अर्ज करायचा. मृत्यू नोकरीशी संबंधित नसेल आणि माणूस व्हीएची भरपाई घेत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ ला हा आकडा ९७८ डॉलर झाला. दर ऑक्टोबरला तो थोडा सरकतो. मृत्यूचं कारण नोकरीशी जोडलं गेलं तर मात्र २,००० पर्यंत मिळतात. इथे डेथ सर्टिफिकेटवरच्या शब्दाला किंमत येते. व्हिएतनाममधल्या एजंट ऑरेंज या तणनाशकाच्या फवारणीमुळे होणारे म्हणून व्हीए जे आजार धरून चालते, त्यांत टाइप टू डायबेटिस आहे आणि इस्केमिक हार्ट डिसीजही आहे. सर्टिफिकेटवर नुसतं 'कार्डियाक अरेस्ट' लिहिलं असेल तर डॉक्टरांना गाठ. हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं. ते का थांबलं, तेवढं खरं कारण लिहून द्या म्हणावं. उच्च रक्तदाब २०२२ च्या पॅक्ट कायद्यानं त्याच यादीत आला, तो सासूबाईंच्या स्ट्रोकमागे होता का तेही त्यांच्या डॉक्टरांना विचार. सासूबाईंनी व्हीएकडे कधी काही मागितलं नव्हतं म्हणून त्यांचा अर्ज अडत नाही. मान्य होईलच असं नाही, पण अर्ज करायला पैसे पडत नाहीत. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, व्हेटरन्स ऑफिसात किंवा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पोस्टवर, म्हणजे शाखेत, तो मोफत भरून देतात. अर्ज भरण्याचे पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा देऊ नकोस.

सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली सरकारी वार्धक्य-विमा योजना, जोडीदाराला मृत्यूनंतर एकरकमी २५५ डॉलर देते. १९५४ पासून कमाल आकडा २५५ च. मोठ्या मुलांना तेही नाहीत, तेव्हा तो विषय सोड. मात्र दोघांच्या बँक खात्यात मृत्यूनंतर सोशल सिक्युरिटीचे किंवा व्हीएचे पैसे जमा झाले तर त्यांना हात लावू नका, ते परत मागतात. सातारच्या ट्रेझरीत नाही का, पेन्शनर गेल्याचं कळवलं नाही तर वर्षभरानं वसुलीचं पत्र येतं, तसंच इथे.

आता तुला थोडं रागावते.

तुझ्या पत्रात सासऱ्यांचा ट्रक आहे, साल आहे, शुगर आहे. सासूबाईंना एक वाक्य: आर्मीत नर्स होत्या. नणंदेच्या त्या पानावर तर तेवढंही नाही, तिथे त्या 'व्हेटरनची प्रेमळ पत्नी' आहेत. मी खोदून विचारलं तेव्हा तू कपाटावरचा बुटांचा खोका काढलास. त्यात निघालं की १९६९-७० मध्ये त्या व्हिएतनाममधल्या लाँग बिन्हच्या २४ व्या इव्हॅक्युएशन हॉस्पिटलमध्ये होत्या. हेलिकॉप्टरनं जखमी पोरं जिथे आणायचे ते हॉस्पिटल. आर्मीतली नर्स म्हणजे अधिकारी. फोटोत कॉलरवर फर्स्ट लेफ्टनंटची पट्टी दिसते. सासरे स्पेशालिस्ट, म्हणजे शिपाईगड्यांतले. नियमानं बघायचं तर त्या घरात सलाम सासऱ्यांनी ठोकायचा! व्हिएतनाममध्ये सुमारे ११,००० लष्करी स्त्रिया होत्या, त्यांतल्या दहातल्या नऊ नर्सेस. वॉशिंग्टनला त्यांचं स्मारक झालं ते ११ नोव्हेंबर १९९३ ला, परतून वीस-पंचवीस वर्षं उलटल्यावर. तोवर त्यांच्यातल्या कितीतरी जणी स्वतःच 'मी काय, नुसती नर्स' म्हणायला लागल्या होत्या. माझ्या हॉस्पिसमध्ये अशा दोघी-तिघी आल्या. फॉर्मवर 'व्हेटरन आहात का' याच्यापुढे त्यांनी 'नाही' लिहिलेलं असायचं आणि नवऱ्याच्या फॉर्मवर मात्र 'हो'.

तेव्हा सासूबाईंना नवऱ्याच्या हक्कात घुसवू नका. बायको म्हणूनही त्यांना तिथे जागा मिळालीच असती, पण त्यांचा स्वतःचा हक्क आहे. झेंडा त्यांचा वेगळा, मानवंदना त्यांची वेगळी, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं प्रमाणपत्र त्यांच्या नावाचं वेगळं. आर्मीच्या नर्सेसचं सुरुवातीचं प्रशिक्षण फोर्ट सॅम ह्यूस्टनलाच व्हायचं. म्हणजे बाई ज्या छावणीतून तेविसाव्या वर्षी निघाल्या तिथेच परत येणार.

कागदाचं बघू. लागतो तो डीडी-२१४, सुटकेचा दाखला. सासऱ्यांचा व्हीएकडे असणारच, त्याशिवाय भरपाई सुरू झाली नसती. सासूबाईंचा खोक्यात नाही. तुझ्या नवऱ्याला कुणीतरी सांगितलं की ते कागद सेंट लुईसच्या लष्करी दप्तरखान्यात जळाले. आग लागली होती हे खरं, १२ जुलै १९७३ ला, आणि एक कोट साठ लाखांवर फायली गेल्या. पण आर्मीच्या जळाल्या त्या १९६० च्या आधी सुटलेल्यांच्या. सासूबाई १९७० च्या. त्यांची फाइल तिथे असायला हवी. शिवाय दफनासाठी तुम्हाला फाइल शोधत बसायचं नाहीये. सेंट लुईसलाच नॅशनल सिमेटरी शेड्युलिंग ऑफिस आहे. तिथे फोन करायचा, नाव, जन्मतारीख, साधारण साल द्यायचं, पात्रता तेच तपासतात. काउंटी क्लार्ककडेही एकदा विचारा, घरी परतल्यावर पुष्कळ जण दाखल्याची नक्कल तिथे नोंदवून ठेवायचे. हा फोन तुझ्या नवऱ्यानं करायचा. तू नको, फ्युनरल होम नको, त्यानंच. 'बाबांनी फुकटचं घेतलं नाही' म्हणणाऱ्या माणसानं एकदा स्वतःच्या तोंडानं आईवडिलांची नोकरीची सालं सांगावीत आणि पलीकडच्या माणसाला ती लिहून घेताना ऐकावं. फोनवरच सांगा की दोघांनाही एकाच दिवशी, शेजारी-शेजारी ठेवायचंय. शनिवार-रविवारचा हट्ट धरू नका, तिथे दफन साधारण सोमवार ते शुक्रवार होतं.

(ज्यांच्याकडे दहन झालंय आणि रक्षा घरात आहे, त्यांच्यासाठी: व्हीए एक सुंदर कलश किंवा फलक फुकट देते. हुरळून लगेच अर्ज करू नका. तो घेतला की त्या माणसाचा राष्ट्रीय दफनभूमीतला हक्क संपतो.)

आता तुझा मूळ प्रश्न. मागावेत का?

माझे वडील वारले तेव्हा मी अकरावीत होते. दुपारी बारा-एकचा सुमार. तीन वाजेपर्यंत अंगणात गोवऱ्यांचा ढीग लागला होता, आमच्या गोठ्यातल्या गोवऱ्या अर्ध्याही नव्हत्या त्यात. कुणी बांबू आणले, कुणी सुतळी, कुणी मडकं. संध्याकाळी समोरच्या घरातून पिठलं-भाकरी आली, कारण आमची चूल बंद होती. आणि माझे चुलते ओसरीच्या खांबाला टेकून शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहीत बसले होते. वर 'श्री' नाही, मयताच्या कागदावर श्री घालत नाहीत. नुसती नावं आणि पुढे आकडे किंवा वस्तू. अमुक, ५१ रुपये. तमुक, पोतंभर गोवऱ्या. मोठ्या आळीतले एक गृहस्थ, ११ रुपये. त्यांनी ते देताना मान खाली घातली होती, कारण त्यांचं स्वतःचंच त्या वर्षी काही धड नव्हतं. पुढे वीस-पंचवीस वर्षं गावात कुणी गेलं की आई ती वही काढायची आणि बघायची की त्या घरानं आपल्याला काय दिलं होतं. त्याहून कमी कधी द्यायची नाही.

हे मागणंच होतं. कुणी तोंडानं मागत नव्हतं इतकंच, कारण गावाला दिसत होतं. सॅन अँटोनिओच्या कॉलनीत गॅरेजचं दार खाली आलं की शेजाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून सांगावं लागतं. त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. खाली घालावी लागते ती दुसऱ्या एका कारणानं: ३०,००० हा आकडा कुठून आला ते कुणी सांगितलेलं नाही. तुलाही ते टोचतंय, फक्त तू त्याला लाज म्हणतेस. चुलत्यांच्या वहीत गोवऱ्या किती लागल्या आणि किती आल्या, दोन्ही होतं.

तेव्हा पान बंद करायला लावू नकोस. बंद केलंत तर ज्यांनी दिलेत त्यांना कोड्यात टाकाल आणि नणंदेला उघडं पाडाल. तू म्हणालीस की तिनं ते आई गेली त्या रात्री दोन वाजता, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसून उघडलं. त्या वेळी माणसाला दिसेल तो आकडा खरा वाटतो. तिच्याकडे तू जा, नवऱ्याला नेऊ नकोस. काट मारलेलं कोटेशन टेबलावर ठेव. भांडायचं कारण आपोआप संपेल, कारण मुद्दा पैशांचा उरणारच नाही. पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते पानावर दिसू दे आणि त्या खात्याचा हिशेब दोघा भावंडांनाही दिसू दे. मग आकडा ३०,००० वरून ४,५०० करा आणि मजकूर बदला. मला विचारशील तर एवढंच पुरे:

"आमचे आई-बाबा नऊ दिवसांच्या अंतरानं गेले. आई आर्मीत फर्स्ट लेफ्टनंट होती, लाँग बिन्हला नर्स. बाबा ट्रक चालवायचे. दोघांना फोर्ट सॅम ह्यूस्टनला जागा मिळतेय, त्यामुळे आधी सांगितलेला आकडा लागणार नाही. फ्युनरल होम, कॅस्केट आणि चर्च मिळून साडेसात हजार खर्च आहे, तीन हजार आम्ही घालतोय. कमी पडतात ते साडेचार हजार. जास्त जमले तर ते लीजनच्या पोस्टला देऊ. ज्यांनी पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून दिले आणि परत हवे असतील, त्यांनी निःसंकोच कळवा."

फोटो दोघांचा. आईचा आधी. डीडी-२१४ चा फोटो मात्र चुकूनही टाकू नका, त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर असू शकतो, आणि मेलेल्या माणसांच्या नावानं कार्ड काढणारे टपलेलेच असतात. बातमीतही पूर्ण जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव एकत्र देऊ नका. पान चालवणारी कंपनी प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के आणि वर ३० सेंट कापते, वर 'टिप' मागते ती वेगळी. ती टिप तुम्हाला मिळत नाही, हे देणाऱ्यांना सांगून टाका. देणाऱ्याला करसवलत मिळत नाही हेही. जमलेल्या ३,२०० मधून कापून हाती साधारण एकतीसशे येतील, म्हणजे कमी पडतायत चौदाशे. बस, चौदाशे. व्हीएचे पैसे काही महिन्यांनी आले की ते तुमच्या तीन हजारांत परत घालता येतील, आणि तसं पानावर लिहायला लाजू नका.

मंडळाच्या ग्रुपचं काय? तिथे पैशांची लिंक परत टाकू नकोस. तारीख नक्की झाली की लिही: अमुक दिवशी माती आहे, ह्यूस्टनहून आणि न्यू मेक्सिकोहून पंधरा माणसं येतायत, दोन दिवस जेवण लागेल आणि विमानतळावर दोन गाड्या. बघ कसे हात वर होतात. आपल्या माणसांना चेक लिहायला अवघड जातं, पण साठ पोळ्या लाटायला सांगितल्या की कुणी नाही म्हणत नाही. नवऱ्याकडची मंडळी टमाले आणतील, तुम्ही वरणभात करा. ज्यांना पैसे द्यायचेत ते न सांगता देतील.

त्या दिवशी काय होईल ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे गांगरणार नाहीस. खड्ड्यापर्यंत नेत नाहीत. बाजूला छप्पर असलेली एक उघडी जागा असते, तिथे वीसेक मिनिटांचा विधी होतो, मागे पुढच्या कुटुंबाच्या गाड्या लागलेल्या असतात. घाई वाटेल, वाईट वाटून घेऊ नकोस. २००० पासून कायद्यानं प्रत्येक व्हेटरनला किमान दोन सैनिक गणवेशात येतात. त्यांना बोलावणं फ्युनरल होमचं काम, त्याचे पैसे लागत नाहीत. बिगुलावर टॅप्स ही निरोपाची धून वाजते, चोवीस सूर, मिनिटभरही नाही. मग ते दोघं पेटीवरचा झेंडा उचलतात आणि घडी घालायला लागतात. तेरा घड्या, एकही शब्द नाही, नुसता कापडाचा आवाज. शेवटी निळा त्रिकोण उरतो, चांदण्या वर. तो गुडघा टेकून घरातल्या एकाच्या हातात देतात.

तुमच्याकडे असे दोन त्रिकोण येतील. कुणाकडे कोणता, हे फ्युनरल होमला आदल्या दिवशीच सांगावं लागेल. तू विचारलं नाहीयेस, पण मी सांगते: आईचा मुलाला द्या आणि बाबांचा मुलीला. तुझ्या नवऱ्याला आई अधिकारी होती हे या आठवड्यात पहिल्यांदा नीट कळलंय, तो झेंडा त्याच्याच हातात जाऊ दे.

नणंदेनं पान सुधारलं की मला कळव. आणि एक दोनशे पानी वही आण, वॉलमार्टमधली चालेल. वर काही लिहू नकोस. पहिल्या ओळीत माझं नाव घाल, पुढे ५१.